खुब्याच्या ऑपरेशनची वाट पाहताना: कमी खर्चात, कमी दुखत रोजचं कसं निभवावं

खुबा बदलायचं ठरलेलं असतं, पण तारीख अजून काही आठवडे, कधी काही महिने लांब असते. या मधल्या काळात चालण्याची ताकद आणि हातातला पैसा एकाच वेळी आटतात. काम कमी होतं, रजा संपत येते, आणि नेमक्या त्याच वेळी औषधं, गाडीभाडं, मदतनीस, उपकरणं असे नवे खर्च उभे राहतात. त्यामुळे या काळातली काटकसर नेहमीच्या काटकसरीपेक्षा वेगळी करावी लागते. पैसा वाचला पण पावलं वाढली, तर ती बचत दुखण्यात वसूल होते.

एक नियम पक्का धरला की बहुतेक निर्णय सोपे होतात. ज्या वस्तूवर अंगाचा भार पडतो, तिथे काटकसर करायची नाही. काठीच्या टोकाचं रबर, खुर्चीचे पाय, कमोडशेजारचा आधाराचा दांडा आणि पायातली चप्पल या त्या जागा. ज्यावर भार पडत नाही, अशी वस्तू घरी बनवा, उसनी आणा, नाहीतर तिच्याशिवाय भागवा. दुसरी कसोटी म्हणजे आज घेतलेली वस्तू ऑपरेशननंतरच्या सहा ते बारा आठवड्यांतही लागणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर ती आत्ताच घ्या, कारण तिची सवय आधी झालेली बरी. ‘नाही’ असेल तर थांबा.

आधी, कुठे पैसे घालायचे नाहीत

खुब्याचं दुखणं बऱ्याचदा खुब्यावर जाणवतच नाही. जांघेत, मांडीच्या पुढच्या भागात आणि पुष्कळदा थेट गुडघ्यात दुखतं. त्यामुळे लोक गुडघ्याचे पट्टे, गुडघ्याला चोळायची मलमं यांवर महिनोन्महिने खर्च करतात. गुडघा तपासून तो चांगला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर त्या पट्ट्याने खुबा सुधारणार नाही. चोळायच्या वेदनाशामक जेलचंही तसंच. गुडघा किंवा बोटांचे सांधे त्वचेलगत असतात, तिथे ते थोडंफार काम करतं. खुब्याचा सांधा मांसाच्या जाड थराखाली खोल असतो, तिथवर औषध पुरेसं पोचत नाही.

सांध्यांसाठी पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लहान नसतो, आणि सांधेझिजेच्या उपचारांबद्दलच्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत त्या घेऊ नयेत असंच म्हटलं आहे. झीज ऑपरेशनपर्यंत पोचली असताना तर त्यांतून काही हाती लागण्याची आशा आणखी कमी. हा खर्च आजच बंद करता येतो.

महागडी गादी, मसाजची खुर्ची, विजेवर वरखाली होणारा पलंग यांसाठी कर्ज काढू नका. पलंग उंच आणि गादी बसल्यावर फार न दबणारी असली, एवढं पुरतं. मऊ गादीखाली प्लायवूडची फळी सरकवली की काम भागतं.

उंची: सगळ्यात स्वस्त इलाज

दिवसभरातल्या कळा मोजल्या तर त्यांतल्या बऱ्याच बसताना, उठताना आणि वाकताना येतात. सांधा जितका जास्त दुमडतो, तितकी उठताना जास्त ताकद लागते आणि तितकं जांघेत टोचतं. म्हणून घरातल्या गोष्टी वर उचलणं हा पहिला उद्योग.

आधी माप घ्या. रोजच्या चपला घालून खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची मोजा. त्यात ५ सेंटिमीटर मिळवा. ही तुमची बैठकीची उंची. खुर्ची, पलंग, कमोड आणि आंघोळीचं स्टूल या चारही ठिकाणी हाच आकडा लागेल, तो लिहून ठेवा. उशी किंवा गादी असेल तर माप तुम्ही बसलेले असताना दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा. १० सेंटिमीटरचा मऊ फोम बसल्यावर निम्म्याने दबतो आणि कागदावर बरोबर असलेली उंची प्रत्यक्षात कमी पडते.

खुर्ची दोन्ही बाजूंना हात असलेली, चार पायांची, चाकं नसलेली निवडा. ती उंच करायचे दोन मार्ग आहेत. थोडीच कमी पडत असेल तर घट्ट फोम कापडी खोळीत घालून, खोळीच्या चारही कोपऱ्यांना नाड्या लावून खुर्चीला बांधा. एकावर एक उशा रचू नका. उठताना वरची उशी घसरते आणि माणूस पुढे जातो. ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी पडत असेल तर खाली फळी द्या:

१. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे तुकडे हवी ती जाडी होईपर्यंत एकमेकांवर स्क्रूने जोडा.
२. फळी मागे आणि दोन्ही बाजूंना खुर्चीच्या पायांच्या ५ सेंटिमीटर बाहेर येऊ द्या. पुढच्या बाजूला मात्र कडेची पट्टी (खाली ३ मध्ये सांगितलेली) मावेल इतकीच. पुढे फळी आली तर उठताना टाच मागे घेता येत नाही आणि बोटं तिला अडतात.
३. चारही कडांना २ ते ३ सेंटिमीटर उंचीची पट्टी ठोका, म्हणजे पाय सरकून खाली उतरणार नाही.
४. फळीखाली रबराचे तुकडे चिकटवा. मग आधी धडधाकट माणसाला बसवून, हातांवर जोर देऊन, डावी-उजवीकडे कलून बघायला सांगा.

चार पायांखाली चार सुट्या विटा ठेवण्याचा उपाय घरोघरी केला जातो, आणि अपघातही तिथेच होतो. हातावर जोर देऊन उठताना खुर्ची किंचित मागे ढकलली जाते, एक पाय विटेवरून घसरतो आणि खुर्ची कलंडते. पलंगासाठी विटेऐवजी मध्ये खोलगट खाच असलेले ठोकळे वापरा. खाच किमान २ सेंटिमीटर खोल हवी आणि चारही ठोकळे एकाच उंचीचे हवेत.

उठायची पद्धतही शिकून घ्या. आधी पुढच्या कडेला सरका. दुखरा पाय थोडा पुढे, चांगला पाय मागे. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून अंग पुढे झुकवा आणि चांगल्या पायावर व हातांवर जोर देत उभे राहा. समोरचं टेबल किंवा वॉकर धरून स्वतःला ओढू नका. ते तुमच्याकडे येतं आणि तुम्ही मागे पडता.

कमोडवर बसवायची उंच सीट घेणार असाल, तर बाजूला घट्ट बसणारे चाप असलेलीच घ्या. नुसती ठेवायची सीट एका बाजूला कललं की निसटते. उकिडवं बसावं लागणारं शौचालय असेल तर खाली भांडं असलेली चार पायांची कमोड खुर्ची लागेल. तिचे पाय कमी-जास्त करता येतात आणि भांडं काढून ती आंघोळीसाठीही वापरता येते. एकाच वस्तूत दोन कामं होतात, म्हणून खर्च करायचाच झाला तर तो इथे करा. टॉवेल टांगायच्या दांडीला धरून उठू नका. ती टॉवेलाच्या वजनासाठी बसवलेली असते, माणसाच्या नाही. आधाराचा दांडा विटांच्या भिंतीत योग्य जाडीच्या स्क्रूने आणि बुचांनी बसवून घ्यावा. एवढ्यासाठी कारागिराला पैसे द्यावे लागले तर खुशाल द्या.

काठी: कुठल्या हातात आणि किती उंच

काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, पण त्यामागचं कारण समजलं की चूक होत नाही. एका पायावर उभं असताना दुसऱ्या बाजूचं सगळं अंग खाली पडू पाहतं. ते सावरायला खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जोराने ओढतात, आणि ती ओढ सांध्यावर येते. म्हणून साधं चालतानाही सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार असतो. विरुद्ध हातातली काठी पडू पाहणारी बाजू खालून उचलून धरते आणि स्नायूंना कमी ओढावं लागतं. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली तर हा फायदा मिळत नाही, उलट अंग एका बाजूला झुकून कंबर धरते.

याच हिशेबाने पिशवी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची. चांगल्या बाजूला पिशवी धरली तर तिचं वजन त्याच पडू पाहणाऱ्या बाजूला मिळतं आणि दुखऱ्या खुब्यावरची ओढ वाढते. काठी चांगल्या बाजूला, पिशवी दुखऱ्या बाजूला, आणि तीही हलकीच. दोन्ही खुबे दुखत असतील तर पाठीवरची सॅक बरी.

काठीची उंची ठरवायला रोजची पादत्राणं घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं, साधारण १५ ते ३० अंश. काठी उंच झाली तर खांदा वर उचलला जातो आणि मानेत दुखू लागतं. आखूड झाली तर पुढे वाकून चालावं लागतं. लाकडी काठी कापायची असेल तर खालचं रबर काढून, रबराच्या तळाची जाडी वजा करून कापा, आणि एकदम पूर्ण न कापता सेंटिमीटरभर जास्त ठेवून आधी चालून बघा.

चालताना काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय. जिना चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा, मग चांगला. कठड्याला धरता येत असेल तर नेहमी धरा, आणि काठी राहिलेल्या हातात घ्या.

काठीच्या टोकाचं रबर महिन्यातून एकदा उलटं करून बघा. तळाची नक्षी गुळगुळीत झाली, कड एका बाजूने झिजली किंवा रबराला चिरा पडल्या, की बदला. आतल्या व्यासाप्रमाणे रबरं मिळतात, १६, १९ आणि २२ मिलिमीटर ही नेहमीची मापं. काठीचा व्यास मोजून त्याच मापाचं घ्या. सैल रबर कागद घालून बसवू नका, ओल्या फरशीवर ते फिरतं. काठी जुनी चालेल, उसनी चालेल, पण रबर नवंच हवं.

उसनी किंवा जुनी वस्तू आणताना पाच मिनिटं तपासणीत घालवा. उंची बदलायचं बटण छिद्रातून पूर्ण बाहेर येऊन ‘टक्’ असा आवाज होतो का ते बघा. नळीला वाक किंवा चीर, सांध्यांजवळ गंज, मुठीचं सैल आवरण या गोष्टी चालणार नाहीत. किती किलोपर्यंतचं वजन पेलते हे लिहिलेली पट्टी शोधा आणि स्वतःच्या वजनाशी ताडून घ्या. ज्यांच्या घरात आधी सांध्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या माळ्यावर वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची पडून असते. विचारायला संकोच करू नका. त्यांनाही ती जागा मोकळी झालेली हवी असते.

पावलांचा हिशेब

चांगलं वाटतंय म्हणून एका दिवशी सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, हे चक्र जवळजवळ प्रत्येकाचं होतं. ते मोडायचं तर आधी मोजमाप लागतं. उभं राहून काम करताना किंवा चालताना दुखणं वाढायला किती मिनिटं लागतात, हे तीन वेगवेगळ्या दिवशी बघा. त्यांची सरासरी काढा आणि तिच्या निम्म्या ते पाऊण वेळाला थांबा. सरासरी १२ मिनिटं आली तर ६ ते ९ मिनिटांनी बसायचं, दुखत नसलं तरी बसायचं. दुखणं वाढल्यावर विश्रांती घेतली की ती लांबते. आधी घेतली तर थोडक्यात भागते, आणि दिवसअखेर एकूण काम जास्त होतं.

मग घरातल्या फेऱ्या कमी करा. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते खांदा या पट्ट्यात आणा. खालच्या कप्प्यातलं आणि माळ्यावरचं सामान एकदाच दुसऱ्या कुणाकडून वर-खाली करून घ्या, रोज त्यासाठी कुणाला हाक मारावी लागू नये. स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीचं घट्ट स्टूल ठेवा आणि चिरणं, निवडणं, भांडी घासणं बसून करा. फिरणारं किंवा चाकांचं स्टूल नको. पाण्याने भरलेलं जड भांडं उचलण्यापेक्षा रिकामं भांडं शेगडीवर ठेवून मग त्यात तांब्याने पाणी घाला. उचलायचंच झालं तर ओट्यावरून सरकवत न्या.

स्वयंपाक दुप्पट करून अर्धा थंड करून ठेवला तर इंधन, वेळ आणि उभं राहणं तिन्ही वाचतं. ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत हे वाढवा, कारण घरी आल्यावर पहिले काही दिवस उभं राहणं नकोसं होईल. त्या वेळी दोन्ही हातांत कुबड्या किंवा वॉकर असेल आणि चहाचा कप इकडून तिकडे नेणंही जमणार नाही. घट्ट झाकणाची बाटली, थर्मास आणि गळ्यात अडकवायची कापडी पिशवी किंवा मोठ्या खिशांचा एप्रन आत्ताच वापरून बघा. जुन्या पँटचे खिसे कापून वॉकरच्या पुढच्या आडव्या नळीला शिवले तर विकतच्या पिशवीची गरज उरत नाही. फक्त त्यात जड वस्तू घालू नका, वॉकर पुढे कलंडतो.

बाहेरची कामं आठवड्यातून एका फेरीत बसवा, आणि त्या फेरीत सर्वांत महत्त्वाचं काम पहिलं ठेवा. सामान घरपोच मागवायचं की नाही, हे ठरवताना फक्त पोचवायचे पैसे बघू नका. जाण्यायेण्याचं भाडं आणि दुसऱ्या दिवशी जास्तीच्या गोळ्या लागल्या तर त्यांचा खर्चही धरा. जड सामान महिन्यातून एकदा मागवणं आणि हलकं स्वतः आणणं, हा बहुतेकांना परवडणारा मध्यम मार्ग.

गाडीत बसताना आधी पाठ सीटकडे करून बसा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज फिरतं. गाडी सुरू व्हायच्या आधी ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागल्यावर तुम्ही पुढे सरकाल.

मोजे, चपला, आंघोळ

कपडे घालताना दुखरा पाय आधी, काढताना दुखरा पाय शेवटी. खुर्चीवर बसून घाला, एका पायावर उभं राहून नाही.

मोजे घालायचं साधन घरी बनतं. लवचीक, गुळगुळीत प्लास्टिकचा साधारण २० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, जुनं प्लास्टिकचं फोल्डर किंवा पातळ चॉपिंग शीट चालते. एक टोक थोडं निमुळतं कापा आणि कडांना चिकटपट्टी लावा, म्हणजे कातडी खरचटणार नाही. रुंद टोकाच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडून प्रत्येकी ७५ ते ८० सेंटिमीटरची नाडी बांधा. तुकडा पन्हाळीसारखा वळवून निमुळतं टोक मोज्याच्या बोटांपर्यंत घाला, मोज्याची टाच खालच्या बाजूला ठेवा. मग नाड्या हातात धरून तो जमिनीवर सोडा, पाय आत सरकवा आणि नाड्या ओढा. मोजा पायावर चढतो, प्लास्टिक मागून निघून येतं. पाय ओला असेल किंवा मोज्याचं इलॅस्टिक फार घट्ट असेल तर प्लास्टिक अडकतं. सैल तोंडाचे मोजे वापरा.

पलंगावर पाय उचलून घेता येत नसेल तर रुंद कापडी पट्ट्याच्या एका टोकाला पाऊल मावेल असा फासा शिवा. पट्टा पावलाच्या मध्यावर अडकवून पाय हाताने उचलायचा. पाठ आणि पाय धुवायला लांब लाकडी दांड्याला स्पंज घट्ट बांधला की झालं. साबण जुन्या पातळ मोज्यात घालून नळाला बांधून ठेवा, म्हणजे तो खाली पडून उचलायला वाकावं लागणार नाही. लांब दांड्याचा चिमटा मात्र विकत घ्या. घरगुती चिमट्याची पकड विश्वासाची नसते, आणि हे साधन ऑपरेशननंतर दिवसातून अनेकदा लागतं. ७५ ते ८० सेंटिमीटर लांबीचा बहुतेकांना पुरतो. काच किंवा गरम वस्तू त्याने उचलायची नाही.

पादत्राणं मागून बंद, तळ रबरी, टाच बसकी. मोकळ्या सपाता स्वस्त पडतात, पण पाय ओढत चालणाऱ्याच्या पायातून त्या हमखास निसटतात. एक पाय आखूड वाटतो म्हणून बुटात आपल्या मनाने जाड तळवा घालू नका. कधी हाड खरंच आखूड झालेलं असतं, कधी सांधा आखडल्यामुळे तसं वाटतं, आणि हा फरक तपासूनच कळतो.

पायपुसणी, गालिचे, जमिनीवरून गेलेल्या वायरी आजच उचला. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा असू द्या. या दोन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि पडण्याचे बरेचसे प्रसंग त्यांनी टळतात.

रात्र

चांगल्या कुशीवर झोपा आणि दोन पायांमध्ये उशी घ्या. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. फक्त गुडघ्यांत लहान उशी घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि खुबा आत वळतो. दोन जुन्या उशा एका खोळीत लांबीने शिवल्या की नवी घ्यायची गरज नाही.

पाठीवर झोपून गुडघ्याखाली उशी घेतली की लगेच बरं वाटतं. तासाभरापुरती ती ठीक आहे. रात्रभर, रोज तसं झोपलं तर खुबा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, आणि ऑपरेशननंतर पाय सरळ करायला जास्त त्रास होतो. म्हणून दिवसातून दोनदा १० मिनिटं उशीशिवाय सपाट पाठीवर पडा. जमत असेल आणि फार दुखत नसेल तर पोटावर.

शेकायला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. ती घेऊन झोपी जाऊ नका. बधिरपणा असेल किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर तिथे शेक नकोच, भाजलेलं कळत नाही आणि त्या जखमेने ऑपरेशनची तारीख पुढे जाऊ शकते.

गोळ्या: स्वस्त आणि सुरक्षित दोन्ही

त्याच घटकाची जेनेरिक गोळी काम तेच करते. डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून मागा. पॅरासिटामॉलची मर्यादा बहुतेक प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारू जास्त घेतली जात असेल तर मर्यादा याहून कमी, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या गटातल्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका. परिणाम दुप्पट होत नाही, पोटातून रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा धोका मात्र वाढतो. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या गटातलं काहीही विचारल्याशिवाय नको. शौच काळं, डांबरासारखं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचा विचार असेल तर आधी सर्जनला विचारा. ऑपरेशनच्या आधीच्या ३ महिन्यांत ते घेतल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे तारीख पुढे ढकलली जाते.

बिनखर्ची व्यायाम

यासाठी यंत्र लागत नाही. पलंगावर पडून मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबा, ५ सेकंद धरा. नितंब आवळून ५ सेकंद धरा. टाच पलंगावरून सरकवत गुडघा जमेल तेवढा वाकवा. ओट्याला धरून उभं राहून पाय बाजूला उचला. उंच खुर्चीतून हळू उठा, हळू बसा. प्रत्येकी १० वेळा, दिवसातून दोनदा. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलण्याचा व्यायाम आवर्जून करा, कारण ऑपरेशननंतर कुबड्यांवर बराच भार दंडांनी पेलायचा असतो.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या मापात ५ पर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते नेहमीच्या पातळीला आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम सोडू नका, संख्या निम्मी करा. फिजिओथेरपिस्टकडे दर आठवड्याला जाणं परवडत नसेल तर एकदाच जा, व्यायाम बरोबर होतोय ना ते तपासून घ्या आणि चार आठवड्यांनी पुन्हा दाखवा.

पैशाचं नियोजन आणि यादीतलं नाव

एका वहीच्या पानावर तीन रकाने आखा: आत्ता बंद करायचे खर्च, एकदाच करायचे खर्च, आणि ऑपरेशननंतर उत्पन्न थांबेल त्या काळासाठीची गंगाजळी. तिसरा रकाना बहुतेक लोक विसरतात. बैठं काम असेल तर साधारण ६ आठवडे, उभ्याचं किंवा जड काम असेल तर ३ महिन्यांच्या आसपास कामावर परतता येत नाही. गाडी चालवायलाही साधारण ६ आठवडे लागतात, तेवढा काळ भाड्याचे पैसे लागतील. कर्जाचे हप्ते आणि मोठी बिलं याबद्दल आधीच बोलून ठेवा. हप्ता चुकायच्या आधी मुदत मागितली तर ती मिळण्याची शक्यता जास्त असते.

दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी चार गोष्टी लिहा: न थांबता किती मिनिटं चाललात, रात्री कितीदा जाग आली, किती गोळ्या लागल्या, आणि कोणतं काम जमेनासं झालं. जमल्यास ऑक्सफर्ड हिप स्कोअरही भरा. ही खुब्याचं दुखणं आणि रोजची हालचाल यांबद्दलची, १९९६ साली प्रसिद्ध झालेली १२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. आजच्या पद्धतीत गुण ० ते ४८, आणि गुण जितके कमी तितका त्रास जास्त. ‘खूप दुखतं’ या वाक्याने डॉक्टरांपुढे फारसं काही सिद्ध होत नाही. ‘दोन महिन्यांपूर्वी २० मिनिटं चालता येत होतं, आता ६’ असं लिहिलेलं असेल तर तारीख अलीकडे आणण्याबद्दल बोलता येतं. कुणाची तारीख रद्द झाली तर आयत्या वेळी यायला तयार असलेल्यांची यादी ठेवतात का, हेही विचारा आणि असल्यास नाव घाला.

ठरलेली तारीख शेवटच्या क्षणी रद्द होणं हा या सगळ्या काळातला सर्वांत महाग प्रसंग. रजा वाया जाते, मदतनिसाचे पैसे जातात, वाट पाहणं लांबतं. त्याची बरीचशी कारणं आधी हाताळता येतात. दात किडका किंवा हिरडी सुजलेली असेल तर आत्ताच उपचार घ्या, महिनाभर आधी तरी. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी निघालं तर लोहाच्या गोळ्यांना सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात कळून उपयोग नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर किती हवी, तो आकडा सर्जनकडून लिहून घ्या. तंबाखू आणि धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद, जखम भरायला त्याने फरक पडतो आणि पैसेही उरतात. शेवटच्या आठवड्यात पायाच्या त्वचेला ओरखडा, फोड, नखुरडं होऊ देऊ नका, आणि ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नका. त्या बारीक कापांतून जंतू शिरतात. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ठरवू नका.

वाट पाहायची नाही, अशा गोष्टीही माहीत असाव्यात. पायावर अचानक उभंच राहता न येणं, पडल्यावर पाय वळलेला किंवा आखूड दिसणं, तापासोबत खुब्यात असह्य दुखणं, एका पोटरीला सूज, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा जांघेभोवती बधिरपणा, यांपैकी काहीही झालं तर त्याच तासाला दवाखान्यात जा.

बॅग भरून ठेवा: मागून बंद चपला, सैल कपडे, चालू औषधांची यादी, तपासण्यांचे कागद, तुमचा चिमटा आणि मोज्याचं साधन. वॉकर मिळाला असेल तर त्याची उंची तुमच्या मनगटाच्या मापाने लावून त्याला नावाची चिठ्ठी चिकटवा. आयत्या वेळी फोन आलाच, तर तुमच्यासोबत कोण येणार आणि घरी पहिले काही दिवस कोण थांबणार, त्या दोघांची नावं आणि नंबर त्याच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असू द्या.